पायातली कळ गेली, पाठ राहिली

ऑपरेशन होऊन सात महिने उलटल्यावर मीनलताई पहिल्यांदा माझ्याकडे आल्या. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "मॅडम, माझं ऑपरेशन फसलं का, तेवढं फक्त सांगा."

फसलं नव्हतं. ज्या दुखण्यासाठी ते केलं होतं, ते दुखणं गेलं होतं. पण मीनलताईंनी ऑपरेशन करून घेतलं होतं ते दुसऱ्याच दुखण्यासाठी, आणि हा घोळ सात महिन्यांत कुणाच्या लक्षात आला नव्हता. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांनी हे स्वतः वाचून छापायला होकार दिला आहे.

पार्श्वभूमी

मीनलताईंचं वय ४६. एकोणीस वर्षं ग्रंथालयात नोकरी. परत आलेली पुस्तकं गाडीवर रचायची, गाडी ढकलत न्यायची आणि ज्याच्या त्याच्या जागी लावायची. यातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे रॅकचा खालचा कप्पा. तिथे पुस्तकाचा कणा वाचायचा तर पार वाकावं लागतं किंवा उकिडवं बसावं लागतं.

सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा कंबरेत चमक भरली. तीन दिवसांत उतरली. मग वर्षातून दोन-तीनदा असं व्हायचं. दोन गोळ्या, थोडं शेकणं, की परत कामावर. शेवटची दोन वर्षं मात्र कंबर पूर्ण मोकळी अशी कधी झालीच नाही. सकाळी उठताना ताठ, दुपारपर्यंत बरी, संध्याकाळी जड. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकात जुनाट दुखणं म्हणतात. त्या हिशेबाने त्यांचं दुखणं केव्हाच जुनाट झालं होतं, पण त्या कामावर जात होत्या, घर चालवत होत्या, त्यामुळे ते कुणी दुखणं म्हणून मोजलंच नाही. त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

मग एके दिवशी पुस्तकांचा खोका उचलताना डाव्या कुल्ल्यातून जी कळ निघाली, ती मांडीच्या बाहेरच्या अंगाने, नडगीवरून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. शिंकलं की वीज चमकल्यासारखी. बसलं की जास्त, उभं राहिलं की थोडी कमी. रात्री कूस बदलायची तर पाय हातांनी उचलून ठेवावा लागायचा.

अडचण

इथे थोडं शरीराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच टेकलेले आहेत.

कंबरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती. चकतीच्या आत मऊ गर, बाहेर चिवट कडं. कड्याला चीर पडून गर बाहेर आला आणि शेजारून जाणाऱ्या नसेला भिडला, की त्या नसेच्या वाटेवर पायात कळ जाते. त्याला सायटिका म्हणतात. नस दुखावते ती निव्वळ दाबाने नाही. बाहेर आलेल्या गराभोवती दाह होतो आणि तो दाह नसेला चिडवतो. मीनलताईंची कळ अंगठ्यापर्यंत जात होती, म्हणजे पाचवी नस. ती चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या चकतीपाशी सापडते.

हे झालं पायाचं. सहा वर्षांची कंबरदुखी ही याहून वेगळी गोष्ट. अशा कंबरदुखीत बहुतेक वेळा एका जागेवर बोट ठेवून 'दोषी हा' असं म्हणता येत नाही. चकत्या, मागचे छोटे सांधे, आखडलेले स्नायू, कमी झोप, कामाचा ताण आणि सतत सावध राहून संवेदनशील झालेली मज्जासंस्था, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

म्हणजे मीनलताईंकडे दोन दुखणी होती. एक नवं, भयानक, पायातलं. एक जुनं, मंद, पाठीतलं. नव्याच्या आरडाओरड्यात जुनं कुणाला ऐकूच आलं नाही.

एमआरआय

तिसऱ्या आठवड्यात एमआरआय झाला. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती डावीकडे बाहेर आली होती आणि नसेवर दाब होता. लक्षणांशी हे तंतोतंत जुळत होतं. पण अहवालात आणखी सहा ओळी होत्या: इतर चकत्यांची झीज, पाणी कमी झालेलं, एका ठिकाणी फुगवटा. डॉक्टरांनी पहिली ओळ दाखवून उपचार सांगितले. उरलेल्या ओळी मीनलताईंनी घरी बसून वाचल्या आणि अक्षरशः पाठ केल्या. मला त्या न अडखळता म्हणून दाखवल्या होत्या. "माझे मणके झिजलेत" हे वाक्य त्यांच्या बोलण्यात तिथून आलं.

२०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता. पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये दिसली, ऐंशीच्या वयात ९६ टक्के लोकांमध्ये. फुगवटा विशीत ३० टक्के, ऐंशीला ८४ टक्के. सगळे न दुखणारे लोक. केस पिकतात तशा चकत्याही पिकतात. हे तेव्हा पाच मिनिटं बसून कुणी सांगितलं असतं, तर पुढची बरीच भीती टळली असती असं मला आजही वाटतं.

समोर कोणते पर्याय होते

पहिल्या सहा आठवड्यांत गोळ्या झाल्या. नसेच्या दुखण्यासाठी म्हणून प्रीगाबालिनही दिलं गेलं. त्याने कळ कमी झाली नाही, चक्कर मात्र यायला लागली. (२०१७ मध्ये सायटिकाच्या २०९ रुग्णांवर झालेल्या चाचणीतही प्रीगाबालिन आणि नकली गोळी यांत पायाच्या दुखण्यापुरता फरक आढळला नव्हता, चक्कर मात्र जास्त आढळली होती.) पट्टा बांधला, दोन आठवडे ट्रॅक्शन, म्हणजे कंबरेला वजनाने ताण, घेतलं. दोन्हींचा उपयोग झाला नाही. मग मणक्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन. त्याने दहा दिवस बरे गेले आणि कळ परतली.

आता दोनच वाटा उरल्या होत्या: आणखी थांबायचं, किंवा ऑपरेशन.

थांबणं हा पळपुटेपणा नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवं. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे तुटून वेगळा झालेला मोठा तुकडा शोषला जाण्याची शक्यता छोट्या फुगवट्यापेक्षा जास्त असते. २००७ साली नेदरलँड्समधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. सहा ते बारा आठवडे सायटिका असलेले २८३ रुग्ण. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, निम्म्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर शांत झाला. पण वर्षअखेर दोन्ही गटांत बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण सारखंच होतं, सुमारे ९५ टक्के. थांबवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी मात्र वर्षभरात ऑपरेशन करून घेतलंच, कारण त्यांच्याच्याने थांबवेना.

म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत ऑपरेशनने काय मिळतं, तर वेळ. पायातली कळ सोसत काढायचे काही महिने वाचतात. ही वाचलेली वेळ किती मोलाची, हे ज्याचा पाय दुखतो त्यानेच ठरवायचं.

या हिशेबाला एक अपवाद आहे. पायाची ताकद कमी होत चालली असेल तर थांबण्याचा हिशेब बदलतो. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तुंबलं किंवा बसण्याची जागा बधिर झाली, तर हिशेब करतच बसायचं नसतं, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. मीनलताईंना हे दुसरं काही नव्हतं. पण नवव्या आठवड्यात चालताना डावी चप्पल पायातून निसटायला लागली. अंगठा वर उचलताना जोर लागेना. तपासणीत ताकद पाचपैकी चार भरली. दोन आठवड्यांनी परत पाहिलं तर आणखी कमी.

अकराव्या आठवड्यात ऑपरेशन करायचं ठरलं. माझ्या मते निर्णय बरोबर होता.

ऑपरेशन

मायक्रोडिसेक्टॉमी. पाठीवर लहानसा छेद, सूक्ष्मदर्शकातून पाहत नसेवर बसलेला तुकडा काढायचा. 'चकती काढली' असं लोक म्हणतात, ते खरं नाही. बाहेर आलेला भाग आणि थोडा सैल गर काढतात, बाकी चकती तिथेच राहते.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाय हलवून पाहिला. कळ नव्हती. त्या मला म्हणाल्या होत्या, "माझा पाय मला परत मिळाला, मी रडले." दुसऱ्या दिवशी चालल्या. अंगठ्याची ताकद चार महिन्यांत पूर्ण परत आली.

आता घोळ कुठे झाला ते सांगते. संमतीपत्रावर सही घेताना त्यांना जंतुसंसर्ग, रक्तस्राव, नसेला इजा, आवरणाला छिद्र पडणं, चकती पुन्हा बाहेर येणं, हे सगळं नीट सांगितलं होतं. त्यात काही उणं नव्हतं. पण आपण सगळेच या ऑपरेशनला काय म्हणतो? 'कंबरेचं ऑपरेशन'. छेद कंबरेवर, टाके कंबरेवर, सहा वर्षं दुखतेय ती कंबर. मीनलताईंनी त्याचा अर्थ लावला की आता कंबर बरी होणार. हे ऑपरेशन मुख्यतः पायासाठी असतं, कंबरदुखीला त्याचा भरवसा नाही, हे वाक्य त्या खोलीत कुणी उच्चारलं नाही. सर्जनच्या दृष्टीने ते उघडच होतं, त्यामुळे कदाचित बोलायचं राहिलं असेल.

सात महिन्यांनंतर

घरी जाताना सांगितलं होतं: वाकू नका, जड उचलू नका, पट्टा बांधा. किती दिवस, ते सांगितलं नव्हतं. मीनलताईंनी सात महिने पाळलं. खाली पडलेली वस्तू मुलगा उचलून द्यायचा. बुटाची नाडी नको म्हणून बूटच सोडले. ग्रंथालयात त्यांना टेबलावरचं काम मिळालं होतं, पण तासभर बसलं की पाठ लाकडासारखी व्हायची.

माझ्या खोलीत त्या शेवटी बसल्या, त्याही तीन टप्प्यांत: आधी टेबलावर हात, मग श्वास रोखून अर्ध्यावर, मग एकदम खाली. पाठीचा एक मणकाही वाकू न देता. पट्टा इतका घट्ट की खाली कातडीवर वळ उठले होते. दुखणं दहापैकी सात. झोप जेमतेम चार तास. रोजच्या कामांतली अडचण मोजणारी ऑस्वेस्ट्री प्रश्नावली भरून घेतली: शंभरपैकी ४४. ऑपरेशनच्या आधी ६२ होती. म्हणजे कागदावर सुधारणा होती. समोर बसलेल्या बाईला ती दिसत नव्हती, आणि तिचंही बरोबर होतं.

दरम्यान दुसरा एमआरआय झाला होता. नस मोकळी, नवा दाब नाही, चकतीची उंची थोडी कमी, आजूबाजूला जखम भरल्याच्या खुणा. तो पाहून एका सर्जनने दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी जोडण्याचं, म्हणजे फ्युजनचं ऑपरेशन सुचवलं होतं. मीनलताई अर्ध्याअधिक तयार होत्या. "एकदाचं काय ते होऊन जाऊ दे," हे त्यांचे शब्द.

दुसरा निर्णय: मणके जोडायचे का

या प्रकरणातला सगळ्यात अवघड टप्पा हाच. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी चित्र स्वच्छ होतं: एक नस, एक दाब, एक कमजोर अंगठा. या वेळी यातलं काहीच नव्हतं. मणका अस्थिर नव्हता, सरकलेला नव्हता, नस दबलेली नव्हती. होती ती कंबरदुखी आणि एक झिजलेली चकती. या दोघींचा संबंध आहे असं मानणं सोपं, सिद्ध करणं कठीण.

मी त्यांना दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला सांगितलं आणि तीन चाचण्यांबद्दल बोलले. २००१ मधल्या स्वीडिश चाचणीत २९४ रुग्ण होते. तिथे फ्युजन केलेल्यांना इतरांपेक्षा बरं वाटलं. पण 'इतरांना' मिळाली होती ती नेहमीची, सैलसर फिजिओथेरपी. २००३ ची नॉर्वेतली चाचणी छोटी, ६४ जणांची. तिथे दुसऱ्या गटाला नीट आखलेला व्यायाम आणि भीतीवर काम करणारं समुपदेशन दिलं. फरक उरला नाही. २००५ ची ब्रिटिश चाचणी ३४९ जणांची. तिथे दुसऱ्या गटाने तीन आठवड्यांत सुमारे ७५ तासांचा कार्यक्रम केला. ऑस्वेस्ट्रीवर फ्युजनच्या बाजूने जेमतेम चार गुणांचा फरक निघाला, आणि ऑपरेशनचे धोके होते ते वेगळेच.

माझं वाचन असं: फ्युजन जिंकतं ते ढिल्या उपचारापुढे. नेटाने केलेल्या कार्यक्रमापुढे त्याची आघाडी जवळजवळ विरते. आणि मीनलताईंनी नेटाचा कार्यक्रम आजवर केलाच नव्हता. कुणी दिलाही नव्हता.

दुसऱ्या सर्जननी घाई नको म्हणून सांगितलं. मीनलताईंनी घरच्यांशी बोलून ठरवलं, एक वर्ष. वर्षभरात काही नाही झालं तर पुन्हा विचार. मी त्यांना 'ऑपरेशन करू नका' म्हटलं नाही. तो निर्णय माझा नव्हताच, आणि त्यांनी मुदत घालून घेतली हे मला फार आवडलं. मुदत असली की माणूस वाट पाहत नाही, काम करतो.

पर्यायी उपचारांची गर्दी

त्या वेळी मीनलताई एकाच महिन्यात चार गोष्टी करत होत्या: अॅक्युपंक्चर, दर आठवड्याला मालिश, मणके 'बसवून' घेणं, आणि ओळखीतून मिळालेल्या पुड्या.

पुड्यांनी मला धास्तावलं. कागदाच्या घडीत तपकिरी पूड, नाव नाही, घटक नाहीत. "आठवड्यात जादू झाली," त्या म्हणाल्या. अशा जादूचा मला संशय येतो, कारण नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉईड किंवा वेदनाशामक मिसळल्याची उदाहरणं अनेक ठिकाणी सापडलेली आहेत. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. रक्तदाब आणि साखर तपासली, दोन्ही पूर्वीपेक्षा वाढलेली. पुडीत काय होतं ते तपासून घेतलेलं नाही, त्यामुळे त्यावर आरोप करत नाही. पण एक गोष्ट वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी: अशी पूड बरेच दिवस घेतली असेल तर ती स्वतःहून एकदम बंद करू नये. आत स्टेरॉईड असेल तर अचानक तोडणं धोक्याचं असतं. मीनलताईंनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली.

मणके बसवून घेणंही थांबवलं. कंबरदुखीत कुशल हाताने केलेल्या मणक्यांच्या हालचालींचा काहींना उपयोग होतो, पण हे करणाऱ्याला आधी ऑपरेशनचे कागद दाखवायला हवेत. इथे करणाऱ्याने ते मागितलेच नव्हते.

उरलेल्या दोन्हींना मी विरोध केला नाही. फक्त एक नियम ठेवला: एका वेळी एकच नवी गोष्ट, सहा आठवडे. रोज वहीत दोन ओळी: आज काय करता आलं, रात्री किती झोप लागली. दुखणं किती, हे आठवड्यातून एकदाच. रोज सकाळी उठून दुखण्याला आकडा दिला, की दिवसभर लक्ष त्यावरच राहतं.

अॅक्युपंक्चरच्या दहा बैठका झाल्या. वहीतून दिसलं की त्या रात्री झोप चांगली लागते, दोन-तीन दिवस पाठ हलकी राहते आणि मग पूर्वीसारखंच. जर्मनीत २००७ साली ११६२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे खऱ्या अॅक्युपंक्चरने सुमारे ४८ टक्के लोकांना फायदा झाला, चुकीच्या जागी वरवर सुया टोचलेल्या नकली अॅक्युपंक्चरने ४४ टक्के, नेहमीच्या उपचारांनी २७ टक्के. याचा अर्थ लोक आपापल्या परीने लावतात. मला त्यातून दिसतं ते असं की सुईची नेमकी जागा फार महत्त्वाची नसावी, पण अर्धा तास शांत पडून राहणं, कुणीतरी निगुतीने आपल्या पाठीकडे लक्ष देणं आणि बरं वाटेल ही आशा, यांना खरी ताकद आहे. मीनलताईंनी त्या हलक्या दोन दिवसांचा उपयोग व्यायाम वाढवायला केला. माझ्या लेखी अॅक्युपंक्चरचं त्यांच्या प्रकरणातलं योगदान हेच.

मालिश त्यांनी ठेवली. बरं वाटतं म्हणून, एवढंच कारण पुरेसं होतं.

खरं काम

इथे माझी एक चूक. पहिल्या भेटीत मी अकरा व्यायामांचा छापील कागद दिला. दोन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा एकही झाला नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, "सातवा वाकण्याचा आहे, तो पाहून मी कागद ठेवूनच दिला." अकराचे तीन केले. चालणं, कुल्ल्यांच्या स्नायूंचा एक, आणि वाकणं.

वाकण्यासाठी पायऱ्या आखल्या. पहिले दहा दिवस टेबलाच्या उंचीवर ठेवलेलं पुस्तक उचलायचं. मग खुर्चीवरचं, मग पाटावरचं, शेवटी जमिनीवरचं. पट्टा दर आठवड्याला एक तास कमी. खुर्चीच्या पायरीवर त्या तीन आठवडे अडकल्या. पाठ वाकत होती, पण प्रत्येक वेळी श्वास रोखला जायचा आणि जबडा आवळला जायचा. त्यांना आरशात दाखवलं. "वाकताना बोलत राहा," म्हटलं. बोलताना श्वास रोखता येत नाही. त्या पुस्तकाचं नाव, लेखक, क्रमांक मोठ्याने म्हणत वाकायला लागल्या. एकोणीस वर्षांच्या सवयीने ओठ चालायचे आणि पाठ विसरून जायची.

श्वास आणि लक्ष यांवरचा माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा वर्ग सुचवला तेव्हा त्या चिडल्या. "म्हणजे दुखणं माझ्या डोक्यात आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?" हा राग रास्त असतो. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या माणसाला ते कुणीतरी कधीतरी ऐकवलेलं असतं. मी सांगितलं, दुखणं खरं आहे आणि पाठीतच जाणवतं. पण धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रणा सहा वर्षं जागी राहिल्याने हळवी झाली आहे. आता साधं वाकलं तरी ती वाजते. तिला हळूहळू पटवून द्यायचं आहे की वाकण्यात धोका नाही. २०१६ मध्ये ३४२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी माइंडफुलनेस केलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांच्या रोजच्या हालचाली ठळकपणे सुधारल्या होत्या, नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांच्या. फरक प्रचंड नाही, पण गंभीर धोकाही आढळला नाही. त्या गेल्या. पाचव्या आठवड्यात वहीत 'झोप साडेपाच तास' असं दिसलं.

योगवर्ग सहाव्या महिन्यात सुरू केला. शिक्षिकेला ऑपरेशनचं सांगून, पहिले काही आठवडे पुढे वाकण्याची टोकाची आसनं वगळून. २०१७ सालच्या ३२० जणांच्या चाचणीत योग आणि फिजिओथेरपी यांचा परिणाम तोडीस तोड ठरला होता. मी फिजिओथेरपिस्ट असून हे आनंदाने सांगते, कारण वर्गात चार माणसं भेटतात आणि माणूस टिकून राहतो.

चालणं आठ मिनिटांपासून सुरू झालं आणि अर्ध्या तासापर्यंत गेलं. आठवड्यातून पाच दिवस.

निष्पत्ती

मी त्यांना पहिल्यांदा पाहिल्यापासून अकरा महिन्यांनी ऑस्वेस्ट्री २० वर आली. दुखणं दहापैकी तीन, कधी चार. झोप साडेसहा तास. पट्टा कपाटात. फ्युजन झालं नाही. मुदत संपली तेव्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

कंबर पूर्ण बरी झालेली नाही. त्या वर्षात दोनदा जोरात उसळली. पहिल्या वेळी नऊ दिवस, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा रडवेला फोन आला, "सगळं परत पहिल्यासारखं झालं." तेव्हा आम्ही एक कागद लिहिला. एक दिवसाहून जास्त झोपून राहायचं नाही, चालणं निम्मं करायचं पण बंद नाही, डॉक्टरांनी दिलेली गोळी तीन दिवस. पायात नवी कमजोरी, बसण्याची जागा बधिर किंवा लघवीचा त्रास असेल तरच धावपळ करायची. दुसऱ्या वेळी त्यांनी फोन केला तो उसळी ओसरल्यावर, नुसतं सांगायला.

खालच्या कप्प्याचं काम त्यांनी स्वतः मागून घेतलं. मला तिथे बोलावलं होतं. त्या वाकल्या, पुस्तकाचं नाव म्हणाल्या, पुस्तक आत सरकवलं आणि टेबलाचा आधार न घेता उठल्या. मग दुसरं पुस्तक.

वेगळं काय करता आलं असतं

चप्पल निसटू लागली होती ती मीनलताईंनी सांगितल्याच्या आठ दिवस आधीपासून. प्रत्येक भेटीत दुखणं किती असं विचारलं गेलं, अंगठा वर उचलून दाखवा असं कुणी म्हटलं नाही. ते पाच सेकंदांचं काम आहे.

'वाकू नका' या सूचनेवर तारीख लिहायला हवी होती. तारखेविना दिलेली बंदी जन्मभराची होते.

मी स्वतः अकरा व्यायामांऐवजी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं की तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते. दोन आठवडे वाचले असते.

पण सगळ्यात मोठी गोष्ट ऑपरेशनच्या आधीची. तिसऱ्या भेटीत मी मीनलताईंपुढे माणसाच्या आकृतीचा कोरा कागद ठेवला होता, पुढून आणि मागून. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात कुठे काय दुखत होतं ते आठवून रंगवा, म्हटलं. कळ लाल, मंद दुखणं निळं. डाव्या पायावर त्यांनी एक लांब लाल रेघ ओढली. मग निळी पेन्सिल घेतली आणि बराच वेळ कंबर रंगवत राहिल्या, या कडेपासून त्या कडेपर्यंत. रंगवून झाल्यावर कागद थोडा लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ऑपरेशन फक्त या लाल रेघेचं होतं होय?"

आता सर्जनकडे पाठवायच्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलमध्ये मी हा कागद लावते आणि खाली एक ओळ लिहिते: यातला कोणता रंग जाईल, ते रुग्णाला कृपया सांगावं.